केस गळण्याआधीचे दिवस



डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस जाऊ लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं तोवर तालुक्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात ती देशभरच्या वर्तमानपत्रांत होती. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी झुपकाच्या झुपका हातात यायचा. 18 गावांत मिळून 279 माणसांची नोंद झाली. त्यांत आठ वर्षांची मुलं होती आणि बहात्तरीचे म्हातारे होते, बाया होत्या, बापे होते. वाहिन्यांनी लगेच ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. विषाणूचा पत्ता नव्हता, पण बारसं होऊन गेलं होतं.

जबलपूरकडच्या सिहोऱ्यात बसून बुलढाण्याचं काय सांगता, असं कुणी विचारलं तर एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावी लागेल. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत सिहोरा आणि शेगाव एकाच प्रांतात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. पण आजच्या विषयाचं खरं नातं राजधानीशी नाही, गव्हाशी आहे. त्याकडे मी शेवटी येईन. त्याआधी एक प्रश्न सोडवायचा आहे, जो घराघरांत रोज विचारला जातो आणि ज्याचं उत्तर बहुधा चुकीच्या जागी शोधलं जातं: केस का गळतात? माझं म्हणणं दोन वाक्यांत मांडतो आणि मग त्याचा पुरावा देतो. केस गळण्याचं कारण डोक्याला काय लावलं यात क्वचितच असतं. केस किती वेगानं गेले आणि त्याच्या किती दिवस आधी शरीरात काय घडलं, यात ते असतं. म्हणजे तेलाची बाटली बदलण्याआधी तारखा मांडायच्या. शेगाव तालुक्यातलं प्रकरण मी निवडलं ते एवढ्यासाठी की तिथे या तारखा लख्ख दिसतात. एरवीच्या आयुष्यात आजार, बाळंतपण, काळजी, वय, परीक्षा आणि बदललेलं पाणी यांची इतकी सरमिसळ असते की कोणतंही कारण कुणालाही चिकटवता येतं.

तारखा मांडायच्या तर केसाचं आयुष्य कसं जातं ते माहीत हवं. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाची घडी वेगळी चालते. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आवरतं घेतं. आणि पुढे दोन-तीन महिने तो नुसता अडकून राहतो, वाढत नाही, पडतही नाही. ही विश्रांती संपली की खालून नवा केस निघतो आणि जुना गळतो. कोणत्याही क्षणी दहा-पंधरा टक्के केस विश्रांतीत असतात. म्हणजे एक लाखातले दहा हजार म्हणा. ते शंभर दिवसांत गळायचे, तर दिवसाला शंभर केस आले. फणीत अडकलेले केस पाहून जीव घाबरा होतो खरा, पण दिवसाला पन्नास ते शंभर केस पडणं हा निसर्गाचा रोजचा जमाखर्च आहे. या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आज फणीत आलेल्या केसाचा निकाल आज लागलेला नसतो. तो दोन-तीन महिन्यांपूर्वी लागलेला असतो. दोष मात्र आपण गेल्या आठवड्यात आणलेल्या शॅम्पूला देतो.

वेगाच्या दृष्टीनं केस जाण्याच्या तीन तऱ्हा पडतात. पहिली वर्षांची. पुरुषाच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, डोक्याच्या मधोमध चकती दिसू लागते, कानांच्या वर आणि मानेवर मात्र केस शाबूत राहतात. हे का होतं, याचा पक्का पुरावा 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं दिला. वयात येण्याआधी ज्यांची वृषणं काढली गेली होती किंवा निकामी होती, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्यानं दाखवलं. त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे झाले नाहीत. म्हणजे संप्रेरकही हवं आणि वारसाही हवा. पुढे 1974 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारं विकर जन्मतःच कमी होतं आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्याच धाग्यावरून फिनॅस्टेराइड हे औषध निघालं आणि 1997 मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मंजूर झालं. या साऱ्यात डोक्यावरच्या तेलाला कुठे जागा आहे ते पाहा. टोपीनं टक्कल पडतं, हेल्मेटनं पडतं, बुद्धी जास्त झाली की पडतं, या सगळ्या समजुती हॅमिल्टनच्या एका अभ्यासानं मोडीत निघाल्या. बुद्धीची समजूत मात्र टक्कल असलेल्या मंडळींनी अजून जपून ठेवली आहे आणि ती त्यांच्याकडून काढून घेण्याची मला हौस नाही.

स्त्रियांतही ही सावकाश तऱ्हा असते, पण तिची ठेवण वेगळी. कपाळावरची केसांची रेघ जागच्या जागी राहते आणि भांग रुंद होत जातो. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला कळत नाही. आरशात भांग पाडणाऱ्या बाईला कळतं आणि तिचं म्हणणं घरात ‘काही नाही गं, भास आहे’ म्हणून उडवलं जातं. केसांची घनता जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत समोरच्याच्या ध्यानात येत नाही, हे लक्षात घेतलं तर तिचं निरीक्षण डॉक्टरच्या नजरेपेक्षा आधीचं आणि खरं असतं. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, मुरमं आणि भांग रुंद, असं एकत्र आलं तर बीजकोशांची आणि संप्रेरकांची तपासणी करायची. मेंदी बदलून तिथे काही साधत नाही. कपाळाच्या कडेचे केसच फक्त मागे गेले असतील तर मात्र संप्रेरकांकडे न जाता वेणीकडे पाहावं. वर्षानुवर्षं घट्ट ओढून बांधलेल्या केसांची मुळं शेवटी हार मानतात. डोक्यावर बाहेरून काय केलं याला खरोखर कारण म्हणावं, असे जे थोडे प्रसंग आहेत त्यांतला हा एक, आणि तो मी प्रामाणिकपणे माझ्या विधानातून वगळतो.

दुसरी तऱ्हा महिन्यांची, आणि घरोघरची तक्रार बहुतेक हीच असते. शरीराला एखादा मोठा धक्का बसला की वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, महिन्यात दहा किलो उतरवणारं डाएट, कोविडचा ताप. एरवी दहा हजार केस विश्रांतीत असतात त्याऐवजी तीस हजार गेले, तर पुढच्या शंभर दिवसांत दिवसाला तीनशे केस पडणार. पण ते पडायला लागतात दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे माणूस खडखडीत बरा होऊन कामाला लागल्यावर. तेव्हा ताप कुणाला आठवतो? कोविडनंतर डॉक्टरांकडे केसांसाठी लागलेली रीघ ही साथीच्या मागोमाग याच हिशेबानं आली होती. बाळंतपणाचंही तसंच. गरोदरपणी वाढलेल्या संप्रेरकांमुळे केस जास्त काळ वाढीत राहतात, म्हणून त्या महिन्यांत अंबाडा भरगच्च दिसतो. बाळंतपणानंतर ती संप्रेरकं उतरतात, थांबलेले केस एकदम रजेवर जातात आणि दोन-चार महिन्यांनी झडू लागतात. जुन्या बाया म्हणतात, बाळ आईला ओळखून हसू लागलं की आईचे केस गळतात. कारण म्हणून ही गोष्ट खरी नाही, पण तारीख म्हणून अचूक आहे. मूल ओळखून हसू लागतं ते दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर. ज्यांनी हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं त्यांनी पंचांग नीट पाहिलं होतं, फक्त कारणाची चिठ्ठी चुकीच्या नावावर फाडली. हे केस बहुधा सहा-आठ महिन्यांत परत येतात. तसे ते आले नाहीत तर शरीरातलं लोह आणि थायरॉइड तपासायचं. दर महिन्याला अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईच्या शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन फारसं ढळण्याआधीच संपत आलेला असू शकतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गावाकडची मुलं पुण्या-नागपुरात वसतिगृहात गेली की म्हणतात, इथलं बोअरचं पाणी जड आहे, त्यानंच केस गेले. आणि आल्यावर गेले हे तर खरंच असतं. जड पाण्यानं केस राठ होतात, साबणाचा फेस होत नाही, टोकं तुटतात, हे मान्य. पण तुटणं आणि मुळापासून गळणं यांत फरक आहे आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. पडलेला केस काळ्या कापडावर ठेवून उजेडात धरा. विश्रांती संपवून गळलेल्या केसाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याहून बारीक अशी पांढरी गाठ दिसेल. गाठ नसेल आणि टोक दुभंगलेलं असेल, तर तो केस मधेच तुटला आहे. वसतिगृहात आल्यावर तीन महिन्यांनी गाठीसकट केस गळू लागले, तर पाण्याला दोष देण्याआधी विचारायला हवं की तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का, मेसचं जेवण सोडून वडापाववर दिवस काढले का.

तिसरी तऱ्हा दिवसांची. इथे केसाला विश्रांतीत जायलाही सवड मिळत नाही. केसाचं मूळ हा शरीरातल्या सर्वांत वेगानं विभागणाऱ्या पेशींचा गड्डा असतो. कर्करोगावरची औषधं वेगानं विभागणाऱ्या पेशींवर चाल करतात, म्हणून एक-दोन आठवड्यांत केस जातात. मुळाशी तयार होणारा केस पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता होत जातो आणि तिथेच मोडतो. आणि वाढत असलेले केस ऐंशी-नव्वद टक्के असल्यामुळे जवळजवळ सगळं डोकं उघडं पडतं. थॅलियम, आर्सेनिक आणि ज्याकडे आपण आता येणार आहोत ते सेलेनियम, ही विषं याच रांगेतली. चाई हा एक वेगळा आजार आहे. नाण्याएवढी गुळगुळीत चकती काही दिवसांत पडते, आणि त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसमुळांवर उठलेली असते. पण चाई एका घरात, एका गावात, एकाच आठवड्यात शेकडो जणांना पडत नाही.

आता शेगाव तालुक्यात परत जाऊ. तिथे सुरुवातीला तीन संशयित पुढे आले. बुरशी, पाणी आणि शॅम्पू. बुरशीनं डोक्यावर गजकर्ण होतं, पण ते प्रामुख्यानं लहान मुलांना. ते पसरायला आठवडे-महिने लागतात, खपल्या धरतात, आणि बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं डोकं चार दिवसांत साफ करणं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. पाण्यावरचा संशय जास्त वजनदार होता. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी मचूळ, क्षारांनी भरलेलं, आणि तपासणीत नायट्रेटही जास्त निघालं. त्या पट्ट्यातल्या लोकांनी चांगल्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या गाऱ्हाणं मांडलं आहे, त्यामुळे ‘पाण्यानंच झालं’ हे त्यांना लगेच पटलं यात नवल नाही. पण तारखा मांडल्या की हा संशय टिकत नाही. खारं पाणी तिथे आजोबा-पणजोबांपासून आहे आणि केस गेले ते एका डिसेंबरात. जे कायम आहे ते एकट्यानं अचानक घडलेल्याचं कारण होऊ शकत नाही. नायट्रेटचा धोका खरा आहे, पण तो तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करण्याचा आहे, टकलाचा नाही. राहता राहिला शॅम्पू. आठ ते बहात्तर वयाची, वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या गावांतली माणसं एकच शॅम्पू वापरतील हे पुडीवाल्या दुकानदारालाही पटणार नाही.

मग एवढ्या सगळ्यांत समान काय? चूल वेगळी, पण धान्य एका ठिकाणचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी कोकणात विंचूदंशानं होणारे मृत्यू प्राझोसिन वापरून कमी करून दाखवले आणि ज्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी पदरचे पैसे घालून या गावांतले नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचे निष्कर्ष बाहेर आले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं होतं. जस्त कमी होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, आणि तो धुतल्यावरही 13.61. म्हणजे ते वरून चिकटलेलं नव्हतं, दाण्याच्या आतच होतं. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण 600 पट होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकंही जानेवारीतच गावांत येऊन रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेली होती.

आता हा आकडा केस घालवायला पुरेसा आहे का, ते आपणच पाटीवर मांडून पाहू. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. ते सगळं गहू धरलं तर दिवसाला सुमारे 165 ग्रॅम, आणि त्यात 14.5 मिलिग्रॅम प्रति किलोच्या हिशेबानं 2.4 मिलिग्रॅम सेलेनियम. शेतात राबणारा माणूस दोन्ही वेळा पोळ्यांवरच असेल, तर साडेतीनशे ग्रॅम गव्हाचे पाच मिलिग्रॅम. माणसाची रोजची गरज आहे 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि अमेरिकी तज्ज्ञांनी ठरवलेली वरची सुरक्षित मर्यादा 400 मायक्रोग्रॅम. म्हणजे कमी खाणाराही मर्यादेच्या सहापट गेला आणि जास्त खाणारा बारापट. हे आकडे एकाकी नाहीत. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1961 ते 1964 या काळात अशीच साथ आली होती. सेलेनियमयुक्त दगडी कोळशाचा अंश तिथल्या जमिनीत उतरलेला, दुष्काळात भाताचं पीक बुडालेलं, त्यामुळे लोक त्या जमिनीवरचा मका आणि भाज्या जास्त खात होते. सर्वाधिक झळ बसलेल्या गावांत जवळजवळ निम्म्या लोकांचे केस आणि नखं गेली. तिथे रोज पोटात जाणारं सेलेनियम सरासरी 4.99 मिलिग्रॅम मोजलं गेलं. आपल्या पाटीवर पाच आलं होतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात लेबलावर लिहिल्याच्या 200 पट सेलेनियम पडलं. 201 जणांना बाधा झाली आणि त्यांतल्या 72 टक्क्यांचे केस गळले. सेलेनियम गंधकाचं भावंड आहे. केसाचं केराटिन गंधकाच्या सांध्यांनी घट्ट बांधलेलं असतं. गंधकाच्या जागी सेलेनियम घुसलं की ते सांधे कच्चे पडतात.

गव्हातल्या सेलेनियमच्या या सिद्धांतावर घेतलेले आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की, रेशनचा गहू पंजाब-हरियाणातून अख्ख्या देशात जातो. मग टक्कल शेगाव तालुक्यातच का? पंजाबच्या शेतकऱ्याच्या अंगी हे चिकटवणं अन्यायाचं नाही का? सरसकट चिकटवणं अन्यायाचंच आहे. पण भूगोल काय सांगतो ते पाहा. शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहर जिल्ह्यांत, डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी टाकलेल्या गाळात सेलेनियम साठलेले पट्टे आहेत. बरवा आणि जैनपूर ही गावं या संशोधनात सतत येतात. लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं 1980 च्या दशकापासून तिथे जनावरांचे खूर आणि शिंगं झडणं, माणसांचे केस आणि नखं जाणं यांच्या नोंदी केल्या आहेत, आणि तिथल्या गव्हात शेगावच्या गव्हापेक्षाही जास्त सेलेनियम मोजलं गेलं आहे. हा विषारी पट्टा हजारेक हेक्टरचा. पंजाबात गहू होतो पस्तीस लाख हेक्टरांवर. म्हणजे पंजाबचा गहू विषारी असं म्हणणं जितकं चूक, तितकंच तिथून विषारी गहू येऊच शकत नाही असं म्हणणं चूक. एवढ्याशा पट्ट्यानं एवढं होईल? पुन्हा पाटीवर मांडू. अठरा गावं, समजा प्रत्येकी हजार वस्तीची. माणशी पाच किलो. महिन्याला नव्वद टन. हेक्टरी साडेचार टन उतारा धरला तर वीस हेक्टर शेत पुरे. धान्य मंडईत मिसळतं हे खरं, आणि या सिद्धांतातला सर्वांत नाजूक दुवा तोच आहे; पण एका शेतशिवाराचा माल एका वखारीत, एका थप्पीत, एका ट्रकात आणि तिथून चार-सहा रास्त भाव दुकानांत जाणं हे व्यवहारात रोज घडतं. ‘फक्त इथेच का’ या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे. खेपेनं येणारं कारण खेपेपुरतंच दिसतं.

दुसरा आक्षेप: अठरा गावांत हजारो लोकांनी तोच गहू खाल्ला, मग केस तीनशेचेच का गेले? कारण तोच गहू तितकाच कुणी खाल्ला नाही. वऱ्हाडात ज्वारीची भाकरी अजून चुलीवर आहे. काही घरं रेशनचा गहू विकून टाकतात, काही घरच्या गव्हात मिसळतात, आणि काहींचं सगळं त्याच पोत्यावर अवलंबून असतं. शिवाय ज्याच्या शरीरात जस्त आधीच कमी आहे त्याची केसमुळं आधीच दुबळी असतात. तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि मला तो सर्वांत आवडतो: कोंड्यावरच्या काही शॅम्पूंत सेलेनियम सल्फाइड असतं, मग केसांत सापडलेलं सेलेनियम बाहेरून आलेलं नसेल कशावरून? केवळ केसांची तपासणी झाली असती तर हा आक्षेप निरुत्तर करणारा होता. पण रक्तात आणि लघवीतही तेच वाढलेलं होतं. शॅम्पू रक्तात 35 पट चढत नाही.

आणि मग नखं आली. एप्रिल 2025 मध्ये याच गावांतून बातमी आली की ज्यांचे केस गेले होते त्यांची नखं आता विद्रूप होऊन गळत आहेत. लोकांना वाटलं नवीन संकट आलं. पण नखाचाही हिशेब आहे. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं आणि ते घडतं कातडीच्या घडीखाली, जिथे दिसत नाही. तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात झालेली इजा आडवी चर होऊन बाहेर यायला एक-दोन महिने आणि नखाच्या मध्याच्या पुढे सरकायला आणखी दोन-तीन. म्हणजे एप्रिल. केसांनी दिवसांत सांगितलं तेच नखांनी महिन्यांत सांगितलं. बुरशी, खारं पाणी किंवा शॅम्पू यांपैकी कुणालाही हे वेळापत्रक जुळवता येत नाही. बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत परत उगवू लागले, हेही त्याच बाजूचं. मूळ मेलेलं नव्हतं, त्याचं काम बंद पाडलं होतं.

एक बाब मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. पुरुषांनी न्हाव्याकडे जाऊन उरलेले केस उतरवले आणि टोपी घातली. कॉलेजच्या मुलांनी वर्गात जाणं सोडलं. ठरलेली लग्नं अडल्याच्या बातम्या आल्या. बाईच्या उघड्या डोक्याला आपल्या समाजात जुना अर्थ चिकटलेला आहे. विधवांचं केशवपन थांबवण्यासाठी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी वस्तरा उचलायचं नाकारलं होतं, हा इतिहास कौतुकानं सांगणारेही केस गेलेल्या बाईकडे दुसऱ्यांदा वळून पाहतात. या लाजेचा परिणाम तपासावर होतो. माणसं पदराखाली लपली की नोंद उशिरा होते, नोंद उशिरा झाली की पोतं संपलेलं असतं, आणि पोतं संपलं की पुरावा दळून, भाजून, खाऊन झालेला असतो.

म्हणून गव्हाकडे येतो. सिहोरा-जबलपूरचा हा हवेलीचा मुलूख. पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी कोंडायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते सोडून ओलीवर गहू पेरायचा, ही इथली पिढीजात पद्धत. घरचा गहू खाणाऱ्याला आपली पोळी कोणत्या बांधातून आली हे बोट दाखवून सांगता येतं. पण इथलाही पुष्कळ गहू सरकारी खरेदीतून वखारीत जातो आणि इथल्याही शिधापत्रिकेवर कुठलाही गहू येऊ शकतो. खड्यांच्या, मातीच्या, ओलाव्याच्या, कीड लागलेल्या दाण्याच्या तपासण्या वखारीच्या दारात ठरलेल्या आहेत. सेलेनियम तिथे कुणी पाहत नाही. प्रत्येक पोत्याची तपासणी करा असं म्हणणं वेडेपणाचं होईल. शिवालिकच्या पायथ्याचा तो हजार हेक्टरांचा पट्टा नकाशावर आखलेला आहे, गावांची नावं छापलेली आहेत. तेवढ्याच गावांच्या मंडयांतला गहू वेगळा ठेवून तपासणं सरकारला जड नाही. आणि तालुक्याच्या गोदामात आलेल्या दर खेपेतून किलोभर दाणे चिठ्ठी लावून सहा महिने ठेवणं तर त्याहून सोपं.

गहू खाऊन संपला तरी त्याचा पुरावा केसांत उरतो, म्हणून राहिला प्रश्न केस जमवण्याचा. महाराष्ट्रात आणि इथेही बायका विंचरून निघालेले केस गुंडाळून वळचणीला खोचून ठेवतात. केसांवर भांडी देणारे फेरीवाले गल्लीत येतात तेव्हा ते गुंतवळ त्यांना द्यायचं असतं. लांब केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्याच्या रक्तातलं सेलेनियम स्वतःत बांधून घेतो. मुळाची बाजू ओळखता आली तर वीतभर केसाचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून तपासले की विष कोणत्या महिन्यात चढलं आणि कोणत्या महिन्यात उतरलं, हे वाचता येतं. ती तारीख रेशन दुकानाच्या वाटप नोंदीशी आणि गोदामाच्या आवक वहीशी लावून पाहायची. फेरीवाला गुंतवळ घेऊन जाण्याआधी आरोग्यसेविकेनं कागदाच्या पुडीत बाईचं वय, गाव, विंचरल्याची तारीख आणि घरात कोणत्या दुकानाचा गहू येतो एवढं लिहून ते ठेवलं, तर पुढच्या खेपेला तपास पाण्याच्या टाकीपासून सुरू करावा लागणार नाही.